हायब्रिड गाडीचं ॲव्हरेज आणि चाकाचे इंच

सुरतेहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग नवापूरला महाराष्ट्रात शिरतो आणि विसरवाडी ओलांडली की कोंडाईबारी घाटाला लागतो. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत, आता त्याचा क्रमांक ५३ आहे. नंदुरबारकडे जाणारा फाटाही विसरवाडीलाच फुटतो. गुजरातच्या सपाटीवरून एका वेगात आलेल्या गाडीला इथून पुढे चढ, वळणं, ट्रकच्या रांगा आणि मग उतार असं सगळं पाठोपाठ भेटतं. गाडीच्या इंधनाचा हिशेब मांडायला यापेक्षा चांगला रस्ता शोधावा लागणार नाही.

या रस्त्यावर आता हायब्रिड गाड्या दिसतात. २०२२ मध्ये टोयोटाची हायरायडर आणि मारुती सुझुकीची ग्रँड विटारा आली, त्याच वर्षाच्या अखेरीस इनोव्हा हायक्रॉस आली. सेडान घेणाऱ्यांसाठी होंडा सिटीचं हायब्रिड रूपही २०२२ चंच. जुलै २०२४ मध्ये टोयोटाने छत्रपती संभाजीनगरला हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या कारखान्यासाठी राज्य शासनाशी सुमारे २०,००० कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला, त्यामुळे हा विषय मराठी घरांच्या अधिकच जवळ येणार आहे. हायब्रिड घेणारा माणूस लाख-दोन लाख रुपये जादा मोजतो तो ॲव्हरेजसाठी. पण शोरूममध्ये किंवा नंतर टायरच्या दुकानात तोच माणूस मोठे मॅग व्हील आणि रुंद टायर पसंत करतो. चाकाच्या आकाराने ॲव्हरेज खरोखर किती बदलतं, का बदलतं आणि हायब्रिडच्या बाबतीत त्याचं महत्त्व जास्त का आहे, याचा हा आढावा.

टायरवरचे आकडे काय सांगतात

चर्चा ‘सोळा इंची की अठरा इंची’ अशी होते आणि तिथेच पहिली गल्लत होते. इंच फक्त रिमचे असतात. टायरवर २१५/६० आर१७ असं लिहिलेलं असतं तेव्हा २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी असते. ६० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि १७ हे रिमचे इंच. यावरून पूर्ण चाकाचा व्यास निघतो : या टायरचा साधारण ६९० मिलिमीटर. हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या हायब्रिडला हेच माप आहे.

आता कोणी याच गाडीला १८ इंची रिम घालायचं ठरवलं, तर दोन वाटा आहेत. २३५/५० आर१८ घातला तर व्यास ६९२ मिलिमीटर, म्हणजे जवळपास पूर्वीइतकाच राहतो, पण रुंदी २० मिलिमीटरने वाढते. २२५/५५ आर१८ घातला तर रुंदी १० मिलिमीटरनेच वाढते, पण व्यास ७०५ मिलिमीटरवर जातो. म्हणजे एक इंच वाढवताना रिमचा व्यास, टायरची रुंदी आणि पूर्ण चाकाचा व्यास या तीन वेगळ्या गोष्टी हलतात, आणि प्रत्येकीचा इंधनावर वेगळा परिणाम होतो. त्यांची गाठ सोडवल्याशिवाय ‘मोठं चाक वाईट’ किंवा ‘मोठं चाक चांगलं’ ही दोन्ही विधानं अर्धवट ठरतात.

इंधन नेमकं कुठे जातं

टायरचा जमिनीला टेकलेला भाग गाडीच्या वजनाने दबतो आणि चाक पुढे गेलं की पुन्हा मूळ आकारात येतो. रबराला दाबायला जितकी ऊर्जा लागते तितकी ते परत देत नाही. मधली तूट उष्णता होऊन जाते. लांबच्या प्रवासानंतर टायर गरम लागतो तो मुख्यतः यामुळे. टायरच्या घरंगळण्याला होणाऱ्या विरोधाचा ८० ते ९५ टक्के भाग रबराच्या या दबण्या-फुगण्यातून येतो.

चांगल्या मोटारीच्या टायरमध्ये हा विरोध गाडीच्या वजनाच्या साधारण एक टक्का असतो, कधी थोडा कमी, कधी थोडा जास्त. आकडा क्षुल्लक वाटतो, पण त्याचा अर्थ असा की गाडी सपाट रस्त्यावरही सतत शंभर मीटरला एक मीटर असा चढ चढत असते. विसरवाडीहून निघून सपाट रस्त्याने १६५ किलोमीटर गाडी चालवली, तर टायरने खाल्लेली ऊर्जा ती गाडी समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच कळसूबाईच्या माथ्यावर चढवण्याइतकी होते.

माणसांसह १,४०० किलो वजनाच्या हायब्रिड एसयूव्हीचा ढोबळ हिशेब मांडू. विरोध वजनाच्या ०.९ टक्के धरला तर शंभर किलोमीटरमध्ये टायर साधारण साडेतीन युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा खातात. इंजिनाची कार्यक्षमता ३५ टक्के धरली तर हे सुमारे १.१ लिटर पेट्रोल झालं. रस्त्यावर लिटरला २२ किलोमीटर देणाऱ्या गाडीला शंभर किलोमीटरला साडेचार लिटर पेट्रोल लागतं. म्हणजे जवळपास पाव हिस्सा एकट्या टायरचा.

वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. याच गाडीत ताशी ६० किलोमीटरच्या आसपास टायर आणि हवा यांचा विरोध साधारण सारखा असतो. ताशी १०० ला हवेचा विरोध टायरच्या जवळपास तिप्पट होतो. म्हणून नवापूर ते विसरवाडी ट्रकमागे रखडत जाणाऱ्या गाडीत टायरचं महत्त्व मोठं असतं आणि सुरतेच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर पळणाऱ्या गाडीत हवेचं. पण हवेच्या विरोधातही चाकांचा वाटा आहेच : मोटारीच्या एकूण वायुरोधाचा सुमारे पाव भाग चाकं आणि त्यांच्या कमानींमुळे असतो. रुंद टायर आणि मोकळ्या आऱ्यांचे रिम हवा घुसळतात. कंपन्या हायब्रिडच्या रिमवर सपाट प्लास्टिकची झाकणं देतात ती याच कारणाने. ती काढून टाकू नयेत.

हायब्रिडला टक्का जास्त का लागतो

साध्या पेट्रोल गाडीत इंधन अनेक वाटांनी वाया जातं. सिग्नलला इंजिन चालू राहतं, ब्रेक लावला की गाडीची गती उष्णता होऊन उडून जाते, कमी वेगात इंजिन अकार्यक्षम चालतं. हायब्रिडने या वाटा बऱ्याच अंशी बंद केल्या. गाडी थांबली की इंजिन बंद होतं, ब्रेक लावताना मोटर जनरेटर होऊन बॅटरी भरते. पण टायरमध्ये गेलेली ऊर्जा कोणतीही मोटर परत आणू शकत नाही. वाऱ्याचंही तेच. इतर गळती कमी झाली की उरलेल्या गळतीचा टक्का वाढतो, हे साधं गणित आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ मध्ये टायर आणि मोटारींच्या इंधनाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा की टायरचा विरोध १० टक्क्यांनी घटला तर सर्वसाधारण गाडीचं ॲव्हरेज १ ते २ टक्क्यांनी सुधारतं. वर मांडलेल्या हिशेबानुसार हायब्रिडमध्ये हा आकडा दोन टक्क्यांच्या थोडा वर जातो. लिटरमध्ये मोजलं तर दोन्ही गाड्यांचं नुकसान साधारण सारखंच होतं, पण हायब्रिडचा मुळातला खर्चच कमी असल्याने तिच्या ॲव्हरेजमधली घट ठळक दिसते.

आणखी एक समज तपासायला हवा. ‘मोठं चाक घातलं की इंजिन कमी फिरतं, म्हणून ॲव्हरेज वाढतं’ असं टायरच्या दुकानांत हमखास ऐकायला मिळतं. ठरावीक गिअर असलेल्या गाडीत एका वेगाला इंजिनाचे फेरे खरोखर कमी होतात, त्यामुळे या म्हणण्याला तिथे थोडा आधार आहे. टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये मात्र इंजिन आणि दोन मोटर-जनरेटर ग्रहगतीच्या गिअरने जोडलेले असतात आणि इंजिनाने किती फेरे घ्यायचे हे संगणक ठरवतो. चाक मोठं झालं तरी तो इंजिनाला त्याच्या सोयीच्या फेऱ्यांवरच ठेवतो. त्यामुळे मोठ्या चाकाचा हा कथित फायदा इथे जवळपास संपतो आणि तोटे तेवढे शिल्लक राहतात.

घाटात काय होतं

कोंडाईबारीसारख्या चढावर गाडीचं वजन उचलण्यातच बहुतेक ताकद जाते, टायरचा वाटा तुलनेने लहान होतो. घाट उतरताना हायब्रिड बॅटरी भरून घेते, पण बॅटरी लहान असते. हायरायडरची बॅटरी सुमारे पाऊण युनिटची आहे. दीड टनाची भरलेली गाडी शंभर मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ०.४ युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातला काही भाग टायर आणि हवा घेतात, तरी मोठ्या उतारावर बॅटरी लवकर भरते आणि पुढची ऊर्जा इंजिन-ब्रेकमध्ये जाते. म्हणून घाटातल्या एका चढ-उतारावरून टायरची पारख करू नये. तिथे चाकाच्या आकाराचा परिणाम इतर गोष्टींच्या गर्दीत हरवतो.

चाकाच्या वजनाबद्दलही अतिशयोक्ती फार होते. फिरणाऱ्या चाकाच्या कडेला वाढलेला एक किलो, वेग घेताना गाडीत ठेवलेल्या जास्तीत जास्त दोन किलोंइतका जाणवतो. चारही चाकं प्रत्येकी दोन किलोंनी जड झाली तर तो परिणाम १६ किलोंचा, म्हणजे दीड टनाच्या गाडीत सुमारे एक टक्का. शिवाय हायब्रिड ब्रेक लावताना त्यातला काही भाग परत मिळवते. वजन पूर्ण दुर्लक्षित करू नये, पण खरा हिशेब टायरच्या रबरात आणि रुंदीत आहे.

मोजून मिळालेले पुरावे

सर्वांत स्वच्छ उदाहरण टोयोटा प्रियसचं आहे. २०२३ च्या अमेरिकी प्रियसमध्ये एकच इंजिन, एकच हायब्रिड यंत्रणा, पण साध्या श्रेणीला १९५/६० आर१७ आणि वरच्या श्रेणींना १९५/५० आर१९ टायर आहेत. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या अधिकृत आकड्यांनुसार पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या श्रेणीचं एकत्रित ॲव्हरेज गॅलनला ५७ मैल, तर वरच्या श्रेणींचं ५२ मैल. आपल्या मापात ते लिटरला २४.२ आणि २२.१ किलोमीटर होतं. शंभर किलोमीटरला सुमारे ०.४ लिटरचा फरक. वर्षाला १५,००० किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला ६० लिटर जादा, पेट्रोल १०० रुपये लिटर धरलं तर सहा हजार रुपये. यातला थोडा भाग वरच्या श्रेणीच्या जास्त वजनाचा आहे, सगळा दोष चाकांवर टाकता येत नाही. पण टायरची रुंदी दोन्हीकडे सारखीच असूनही एवढा फरक पडतो, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

ह्युंदाईच्या आयोनिक हायब्रिडमध्येही श्रेणीनुसार असाच फरक दिसला, जरी तो सगळा चाकांचा म्हणता येत नाही. २०१७ मध्ये १५ इंची चाकांच्या सर्वांत काटकसरी श्रेणीला गॅलनला ५८ मैल आणि इतर श्रेणींना ५५ मैल असा अधिकृत आकडा होता. हायब्रिडच्या बाहेर पाहायचं तर ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकी मासिकाने २०१० मध्ये एकाच फोक्सवॅगन गोल्फला १५ ते १९ इंची चाकं लावून चाचणी केली होती. १५ वरून १९ इंचांवर जाताना ॲव्हरेज सुमारे १० टक्क्यांनी घटलं.

उलट दिशेचा पुरावाही आहे आणि तो सोडून चालणार नाही. बीएमडब्ल्यूने २०१३ मध्ये आणलेल्या आय३ या इलेक्ट्रिक गाडीला १९ इंची चाकं दिली, पण टायरची रुंदी केवळ १५५ मिलिमीटर. व्यास मोठा असला की टायरचा जमिनीलगतचा भाग कमी वाकतो, विरोध कमी होतो, आणि अरुंद टायर हवाही कमी अडवतो. म्हणजे उंच आणि अरुंद चाक काटकसरीचं असू शकतं. बाजारात जे मोठं चाक मिळतं ते मात्र बहुधा रुंद, बुटक्या बाजूंचं आणि पकडीवर भर देणाऱ्या रबराचं असतं. तोटा होतो तो या जोडीमुळे.

पुण्याचा आकडा आणि आपला आकडा

भारतात ॲव्हरेजचा अधिकृत आकडा म्हटला की एआरएआयचं नाव येतं. १९६६ मध्ये स्थापन झालेली, पुण्याच्या वेताळ टेकडीवरची ही संस्था वाहनांच्या चाचण्या करते. चाचणी रोलरवर होते, ११८० सेकंदांच्या ठरलेल्या चक्रात, आणि त्यात सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर असतो. हायरायडरच्या हायब्रिडला या पद्धतीने लिटरला २७.९७ किलोमीटर मिळाले.

या पद्धतीत चाकाच्या आकाराचा फरक ग्राहकाला दिसत नाही. इनोव्हा हायक्रॉसच्या वरच्या श्रेणीला २२५/५० आर१८ टायर आहेत. तिचंच भावंड असलेल्या मारुती इन्व्हिक्टोला २१५/६० आर१७. दोन्ही हायब्रिडचा जाहीर आकडा मात्र एकच : २३.२४. युरोपात २०१७ पासून लागू झालेल्या नव्या चाचणी पद्धतीत प्रत्येक गाडीच्या निवडलेल्या चाकांनुसार इंधनाचा आकडा काढावा लागतो, त्यामुळे मोठं रिम निवडताच ग्राहकाला वाढलेला खर्च कागदावर दिसतो. आपल्याकडेही श्रेणीनुसार आणि चाकानुसार आकडा जाहीर करायला लावलं पाहिजे. जो माणूस ॲव्हरेजसाठी जादा पैसे मोजतो, त्याला हे कळण्याचा हक्क आहे.

टायरच्या लेबलचंही तसंच. युरोपात २०१२ पासून प्रत्येक टायरवर इंधन-काटकसर आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांचे दर्जे छापावे लागतात. आजच्या मोटारीच्या टायरमध्ये ‘ए’ दर्जाचा विरोध वजनाच्या ०.६५ टक्क्यांपर्यंत आणि ‘ई’ दर्जाचा १.०६ टक्के किंवा अधिक असतो. एकाच मापाच्या दोन टायरमध्ये इतकी तफावत असू शकते, एक इंच रिम वाढवण्याच्या परिणामाहूनही मोठी. भारतात ऊर्जा दक्षता ब्युरोने २०२१ मध्ये टायरसाठी ताऱ्यांची योजना सुरू केली. ती सर्व टायरना सक्तीची व्हायला हवी, कारण ग्राहकाला दुकानात रबर दाबून यातलं काही कळत नाही.

मीटरचा भुलावा

चाक बदलल्यावर ॲव्हरेज घटलं असं वाटतं, त्यात एक भाग निव्वळ मोजणीचा असतो. गाडी किलोमीटर मोजते ते चाकाचे फेरे मोजून. २१५/६० आर१७ च्या जागी २२५/५५ आर१८ बसवला तर व्यास २.२ टक्क्यांनी वाढतो. खरं १,००० किलोमीटर अंतर मीटरवर सुमारे ९७९ दिसतं. ४५ लिटर पेट्रोल लागलं असेल तर खरं ॲव्हरेज २२.२ असताना हिशेबात २१.८ येतं. वेगही मीटरवर कमी दिसतो, जो घाटात आणि वेगमर्यादेच्या कॅमेऱ्यासमोर धोक्याचा आहे.

टायर झिजण्याचाही असाच परिणाम होतो. आठ मिलिमीटर नक्षी झिजून कायद्याने ठरवलेल्या १.६ मिलिमीटरवर आली की व्यास जवळपास दोन टक्क्यांनी घटतो, मीटर जास्त किलोमीटर दाखवतो आणि ॲव्हरेज चांगलं वाटतं. शिवाय झिजलेल्या टायरमध्ये वाकणारं रबर कमी असल्याने त्याचा विरोधही खरोखर कमी होतो. म्हणून नवे टायर घातल्यावर ‘ॲव्हरेज पडलं’ ही तक्रार जवळपास प्रत्येकाची असते. गोटे झालेल्या टायरने मिळणारं ते ॲव्हरेज मोलाचं नाही. नवापूर तालुक्यातल्या पावसात जीव पकडीवर असतो.

काटकसर आणि पकड यांच्यात पूर्वी खरोखर वैर होतं. १९९२ मध्ये मिशेलिनने रबरात सिलिका वापरलेला टायर आणल्यापासून ते बरंच मिटलं. आज काटकसरीचा टायर घेताना ओल्या रस्त्यावरच्या पकडीचा दर्जाही पाहावा, आणि दोन्हींतलं एक निवडायची वेळ आली तर पकड निवडावी.

फुकटात मिळणारं ॲव्हरेज

चाकाच्या इंचांवर तासन्‌तास बोलणारे लोक हवेच्या दाबाकडे मात्र महिनोन्‌महिने पाहत नाहीत. अमेरिकी ऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार चारही टायरचा दाब एक पीएसआयने घटला की ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्क्यांनी घटतं. आठ पीएसआय कमी असलेली गाडी दीड टक्क्याहून जास्त इंधन उगाच जाळते, टायरच्या कडा झिजवते आणि टायर तापून फुटण्याचा धोका ओढवून घेते. दाब किती हवा हे चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, माणसं आणि सामान भरल्यावर किती हेही तिथेच असतं. दाब पहाटे किंवा गाडी थंड असताना तपासावा. सुरतेहून तापून आलेल्या टायरमधली हवा ‘जास्त झाली’ म्हणून काढू नये, थंड झाल्यावर ती कमी पडते. तापमान पाच-साडेपाच अंशांनी बदललं की दाब साधारण एक पीएसआयने बदलतो. त्यामुळे मे महिन्यात बरोबर असलेला दाब डिसेंबरच्या सकाळी अपुरा असतो. नायट्रोजनने ॲव्हरेज वाढत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

खड्ड्यात आपटून अलाइनमेंट बिघडली तर पुढची चाकं तिरकी घासत जातात आणि टायर आणि पेट्रोल दोन्ही खातात. बुटक्या बाजूंच्या टायरला खड्ड्याचा धक्का थेट रिमपर्यंत पोहोचतो. घाटातल्या आणि खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर हा तोटा ॲव्हरेजपेक्षाही लवकर खिशाला जाणवतो.

मग निवड कशी करावी

या सगळ्याचा निकाल असा. हायब्रिड घेताना एकाच गाडीच्या दोन श्रेणी समोर असतील, तर लहान रिमची आणि अरुंद टायरची श्रेणी ॲव्हरेजला आणि आपल्या रस्त्यांना जास्त मानवते. चाकांमुळे पडणारा फरक गाडीनुसार काही टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. त्यातला मोठा वाटा टायरच्या जातीचा आणि रुंदीचा, लहान वाटा वजनाचा. घेतलेल्या गाडीला कंपनीने दिलेल्या मापाबाहेरचं चाक घालू नये. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि विम्याच्या दाव्यातही तो मुद्दा पुढे येऊ शकतो. टायर बदलताना मापासोबत वजन पेलण्याचा आणि वेगाचा निर्देशांक जुळतो का ते पाहावं आणि दुकानदाराला कमी विरोधाचा टायर आहे का, असं स्पष्ट विचारावं. ॲव्हरेज तपासायचं असेल तर एकाच पंपावर टाकी फुल करून, एकाच रस्त्यावर, निदान दोन-तीन टाक्यांचा हिशेब काढावा आणि चाकाचा व्यास बदललेला असेल तर त्या टक्केवारीने किलोमीटर दुरुस्त करावेत.

हायब्रिडची किंमत आपण दर लिटरमागे चार-सहा किलोमीटर जास्त मिळावेत म्हणून मोजतो. त्यातले दोन किलोमीटर दिखाऊ रिमवर घालवू नका. कंपनीने दिलेलं माप ठेवा, टायर पारखून घ्या आणि महिन्यातून एकदा थंड टायरची हवा तपासा.